टपावरचं बिऱ्हाड

शनिवारी सकाळी बेळगावजवळच्या उचगाव फाट्यावर थांबलं, की वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीकडे निघालेल्या गाड्यांची रीघ दिसते. त्यात अधूनमधून एखादी थार, एखादी फॉर्च्युनर किंवा पिकअप अशी जाते, की तिच्या टपावर काळी चपटी पेटी आवळून बांधलेली असते. मुक्कामाला पोचल्यावर ही पेटी उघडते, गादीसकट तंबू उभा राहतो, कडेला शिडी लागते आणि माणसं जमिनीपासून सहा-सात फुटांवर झोपायला जातात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं हे टपावरचं बिऱ्हाड. आमच्या भागातली तरुण मुलंही आता त्याची चौकशी करू लागली आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "कुठला घ्यावा?"

या प्रश्नाची जी उत्तरं मिळतात, ती बहुतेक ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेतून आलेली असतात. तिथल्या प्रवाशाला कोरडं माळरान, वाळू आणि शेकडो किलोमीटर निर्मनुष्य रस्ते भेटतात. उचगावाहून निघणाऱ्या माणसापुढचा मुलूख अगदी वेगळा आहे. बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या आंबोलीत तोच ७००० मिलिमीटरच्या घरात जातो. कणकुंबी, चोर्ला, तिळारी हा सगळा पट्टा ओलाच. त्यामुळे परक्या मुलखातले निकष जसेच्या तसे न उचलता आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा मांडावे लागतात. माझ्या मते रंग, कंपनी आणि किंमत यांच्या आधी दोन प्रश्न येतात. आपल्या गाडीचा टप किती भार पेलतो? आणि भिजलेला तंबू आपण कुठे, किती वेळात सुकवणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की निवड बरीचशी होऊनच जाते.

गाडीवर छप्पर ही आपलीही रीत

वाहनावरच मुक्काम करणं आपल्याकडे नवीन नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातून बैलगाड्यांनी जाणाऱ्या भाविकांनी गाडीवर तट्ट्याची कमान बांधून, वर ताडपत्री टाकून पिढ्यान्‌पिढ्या रात्री काढल्या आहेत. दिवसा सामान आणि म्हातारी माणसं गाडीत, रात्री बैल सोडून गाडीखाली आणि गाडीत अंथरूण. धनगरांचं पाल हीसुद्धा रोज उठणारी, रोज बसणारी वस्तीच. या माणसांनी जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टी आजही तशाच लागू पडतात: पाणी जवळ आहे का, पण ओढ्याच्या पात्रात तर नाही ना, वारा कुठून येतो, सकाळचं ऊन कुठे पडेल.

मोटारीच्या टपावर बसणारा, घडी होणारा तंबू मात्र युरोपातून आला. इटलीतल्या ऑटोहोम कंपनीने १९५८ साली ‘एअर कॅम्पिंग’ नावाने असा तंबू बाजारात आणला. लहान मोटारीने सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबाला हॉटेलविना कुठेही झोपता यावं, हा त्यामागचा विचार. पुढे आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांवर तो रुळला, कारण तिथे साप, विंचू, श्वापदं आणि खडकाळ जमीन यांपासून वर झोपण्याला खरा अर्थ होता. आपल्याकडे त्याचा प्रसार अलीकडचा आहे. २०२० साली नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, फोर्सच्या गुरखाची आणि इसुझुच्या पिकअपची चाहती मंडळी वाढली, आणि त्यांच्यापाठोपाठ टपावरचे तंबू बनवणारे, विकणारेही भारतात उभे राहिले.

चार जाती

बाजारातली नावं कितीही असोत, रचनेच्या चारच जाती आहेत.

पहिला, मऊ आवरणाचा घडीचा तंबू. मधोमध बिजागरी असते. शिडी ओढली, की अर्धी फळी गाडीबाहेर उलगडते आणि शिडीवरच टेकते. वजन साधारण ४० ते ७० किलो, जागा भरपूर आणि चारांत स्वस्त. पण मिटताना कापड आत खोचावं लागतं, वरचं मेणकापडी आवरण ओढून चेन लावावी लागते. सराव असला तरी दहा-पंधरा मिनिटं जातात, पाऊस चालू असला तर अधिकच.

दुसरा, कडक पेटीचा, सरळ वर उचलला जाणारा. पेटीचं झाकणच छत होतं आणि चारही बाजूंनी कापडी भिंती ताणल्या जातात. तिसरा शिंपल्यासारखा: झाकण एका बाजूने बिजागरीवर आणि दुसऱ्या बाजूने गॅसच्या दांड्यांवर उचलतं, आत उतरतं छत तयार होतं. हे दोन्ही एक-दोन मिनिटांत उघडतात आणि जवळपास तितक्याच वेळात मिटतात. वजन ५५ ते ९० किलो. आतली रुंदी मात्र पेटीएवढीच, म्हणजे दोन माणसांपुरती.

चौथा मिश्र जातीचा: कडक पेटी, पण आतली फळी बाहेर उलगडणारी. जागा घडीच्या तंबूसारखी, आवरण पेटीचं. तो सर्वांत जड आणि सर्वांत महागही.

दुकानात गेल्यावर किती माणसं झोपतील, हे आधी सांगितलं जातं. तीन माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू म्हणजे खरं तर दोन मोठी माणसं आणि एक मूल, असंच धरून चालावं.

टप काय पेलतो

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती किलो भार चालेल, ते दिलेलं असतं. तो आकडा गाडी चालत असतानाचा असतो आणि त्यात तंबूबरोबर कॅरिअरचं वजनही मोजायचं असतं. समजा गाडीची मर्यादा ७५ किलो आहे, कॅरिअर २० किलोचा आहे. मग तंबूला उरले ५५. मिश्र जातीचा ८० किलोचा तंबू कितीही आवडला, तरी त्या गाडीसाठी तो बाद. कित्येक गाड्यांची मर्यादा यापेक्षाही कमी असते. म्हणून तंबू पाहायला जाण्याआधी पुस्तिकेतलं ते पान पाहावं आणि सापडलं नाही, तर कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं.

मग रात्री दोन माणसं वर झोपली, की दोनशे किलोंच्या पुढे भार जातो त्याचं काय? उभ्या गाडीचा भार स्थिर असतो. तो चारही खांबांतून सरळ खाली उतरतो, त्यामुळे उभ्या गाडीचा टप चालत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पेलतो. चालत्या गाडीत तोच भार वळणावर बाजूला ओढतो, ब्रेक लावला की पुढे ढकलतो आणि खड्ड्यात आदळतो. जांबोटी–चोर्ला रस्त्यावर पावसाळ्यानंतर पडणारे खड्डे ज्याने पाहिले आहेत, त्याला वेगळं सांगायला नको. गाडी जोरात आदळली, की ६० किलोचा तंबू क्षणभर १२० किलोंसारखा वागतो आणि तो धक्का कॅरिअरच्या चार-सहा नटबोल्टांवर येतो. दर मुक्कामाला पाना घेऊन ते बोल्ट तपासण्याची सवय ही कुठल्याही महागड्या तंबूपेक्षा मोलाची आहे.

गाडी कोणती, यावर बरंच ठरतं. कापडी छताच्या थारवर तंबू थेट बसतच नाही. हार्डटॉपवर बसवतानाही कॅरिअरचे पाय नुसत्या छतावर टेकतात की भार खालच्या सांगाड्यावर उतरतो, हे वाकून पाहावं. जिम्नीच्या टपाला कडेने पन्हळ आहे, तिला पकडून कॅरिअर बसतो. पण ती गाडीच सुमारे १२०० किलोंची, तिच्यावर हलकाच तंबू शोभतो. पिकअपवाल्यांची सोय सर्वांत चांगली: मागच्या हौद्यावर चौकट उभारून तंबू टपाखालच्या उंचीवर ठेवता येतो.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि आमच्या शेजारच्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडकाम करणारे कुशल कारागीर आहेत. ते मापाबरहुकूम कॅरिअर बनवून देऊ शकतात. मात्र लोखंडी पाइपचा भारदस्त कॅरिअर कधीकधी एकटाच ३०-४० किलोंचा होतो आणि तंबूच्या वाट्याची मर्यादा खाऊन टाकतो. अॅल्युमिनियमचा हलका कॅरिअर, त्याला दोनऐवजी तीन आडव्या पट्ट्या, असं सांगावं. पट्ट्या जितक्या जास्त, तितका भार पसरतो.

इथेच कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही गोष्ट ठामपणे सांगितली आहे. छताला भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून काहीही कायमचं बसवू नये. काढता-घालता येणारा कॅरिअर घ्यावा आणि तरीही आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावं. आम्ही सीमेवरची माणसं. दिवसभरात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तिन्ही राज्यांच्या तपासणी नाक्यांवरून जातो, म्हणून कागद स्वच्छ असलेले बरे.

उंच गेलेलं वजन

चारही चाकांना ताकद देणारी गाडी आपण घेतो ती वाकड्यातिकड्या वाटेसाठी, आणि टपावरचं वजन नेमकं तिथेच नडतं. एक साधा हिशेब करू. समजा गाडी १८०० किलोंची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. टपावर, दोन मीटर उंचीवर, तंबू आणि कॅरिअर मिळून ७५ किलो चढवले. नवा गुरुत्वमध्य येतो ८० सेंटिमीटरवर. पाच सेंटिमीटर म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास असलेली गाडी कडेला कलंडायला जो उतार लागतो, तो यामुळे जवळपास दोन अंशांनी कमी होतो. वर स्प्रिंगांचा झोल धरला, तर फरक आणखी वाढतो.

पारगडाकडे किंवा तिळारीच्या जंगलकडेच्या कच्च्या वाटांवर एक चाक चरात गेलं, की हे दोन अंश जाणवतात. म्हणून तंबू लावलेल्या गाडीने आडव्या उतारावरून जाण्याचं शक्यतो टाळावं. चढ-उतार समोरून घ्यावेत. टपावर तंबूशिवाय दुसरं काही ठेवू नये. पाण्याचे कॅन, हत्यारं, जादा चाक ही सगळी जड मंडळी खाली, मागच्या चाकांच्या जवळ.

उंचीचा दुसरा अडथळा अगदी घरगुती आहे. थारएवढ्या गाडीवर कॅरिअर आणि तंबू चढला, की एकूण उंची सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. चोर्ल्याच्या कळकाच्या बेटांतून, घरापुढच्या फणसाच्या फांदीखालून, गल्लीत लोंबणाऱ्या वायरीखालून ती जायला हवी. निघण्यापूर्वी टेपने उंची मोजून तो आकडा समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावा.

ओल, दहिवर आणि बुरशी

आता दुसरा मोठा प्रश्न. आपल्याकडे तंबू नुसता पावसातच भिजत नाही. डिसेंबर-जानेवारीत वैजनाथाच्या डोंगरावर किंवा महिपाळगडाच्या पायथ्याशी रात्र काढली, तर आभाळ निरभ्र असूनही पहाटे छत दहिवराने निथळत असतं. त्यात आतली ओल मिसळते. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. सगळ्या खिडक्या बंद असल्या, की ते गार कापडाला आणि गादीखालच्या फळीला चिकटतं. सकाळी घाईने तंबू मिटला, की ही ओल पेटीत कोंडली जाते. आषाढात असा मिटलेला तंबू चार-पाच दिवस गाडीवर राहिला, तर काळे ठिपके पडतात आणि कुबट वास येतो. तो वास पुन्हा सहसा जात नाही.

म्हणून कापडाची निवड हा आपल्या भागापुरता निवडीचा कणा आहे. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक, सुती आणि पॉलिस्टर धाग्याचं मिश्र जाड कापड, चौरस मीटरला २८० ते ३२० ग्रॅम वजनाचं. ते श्वास घेतं, आत कमी घामतं, उन्हात गार राहतं, वाऱ्यात फडफडत नाही. पण भिजलं की जड होतं, सुकायला वेळ घेतं आणि सुती धाग्यामुळे बुरशीला आवडतं. दुसरं, निव्वळ पॉलिस्टरचं. ते हलकं असतं, पाणी धरत नाही, झटकन सुकतं. पण आत जास्त घामतं आणि दुपारी तापतं.

राजस्थानात किंवा स्पितीत फिरणाऱ्याने पहिलं घ्यावं. काझासारख्या साडेतीन हजार मीटरहून उंच, कोरड्या, वाऱ्याच्या ठिकाणी त्याच्यासारखं कापड नाही. वर्षातल्या बहुतेक रात्री घाटमाथ्यावर काढणाऱ्याने मात्र पॉलिस्टरचा, भरपूर खिडक्यांचा तंबू घ्यावा, असं माझं मत आहे. आमच्या जुन्या लोकांनी भातलावणीला इरलं वापरलं, ते त्याची पानं पाणी पीत नाहीत आणि खालून हवा मोकळी राहते म्हणून. तंबूलाही तीच दोन लक्षणं हवीत. त्यात वरचं पावसाळी आवरण मुख्य कापडापासून चार-पाच बोटं उचललेलं असावं. दोन कापडं एकमेकांना चिकटली, की पाणी आत झिरपलंच म्हणून समजा.

पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा किती उंचीचा स्तंभ उभा केला, तर ते गळू लागेल, याचं हे माप आहे. आंबोलीच्या पावसासाठी वरच्या आवरणाचं माप २००० ते ३००० असावं. पण गळती बहुधा कापडातून होत नाही. ती शिवणीतून आणि चेनमधून होते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, चेनवर कापडी झाप आहे का, हे पाहावं. चेन चांगल्या प्रतीची असावी, कारण ओल्या थंडीत, अंधारात पहिली दगा देते ती चेनच.

गादीकडे लोक जाडी पाहतात, खाली हवा जाते का हे पाहत नाहीत. पाच-सात सेंटिमीटरचा घट्ट फोम पुरतो. त्याखाली प्लास्टिकच्या तारांची जाळीदार चटई घातली, की फळी आणि गादीमध्ये हवा खेळते. या साध्या चटईने गादीचं आयुष्य वाढतं.

एका पावसाळ्यात मी स्वतः घाईने मिटलेला तंबू दुसऱ्या दिवशी उघडू, दुसऱ्या दिवशी उघडू म्हणत आठवडाभर तसाच ठेवला. उघडला तेव्हा एका कोपऱ्याची शिवण काळी पडली होती. त्यानंतर एक नियम केला. घरी पोचलं, की आधी तंबू उघडायचा, मग आंघोळ.

किती वेळात मिटतो?

उघडायला किती वेळ लागतो, हे सगळेच विचारतात. आपल्या भागात मिटायला किती वेळ लागतो, हे जास्त महत्त्वाचं आहे. जमिनीवरच्या तंबूत झोपलेला माणूस तंबू तिथेच सोडून गाडीत बसून निघू शकतो; टपावर झोपलेल्याला तंबू मिटल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

२००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. तेव्हापासून दोडामार्ग, चंदगड, आजरा या पट्ट्यात त्यांचा वावर शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. गवे तर संध्याकाळी शेताच्या बांधावर दिसतात. साप-विंचवापासून टपावरचा तंबू नक्की वाचवतो, पावसाळी जळवांपासूनही वाचवतो. हत्तीपुढे मात्र त्या सात फुटांना काही अर्थ नाही. ज्या शेतात पिकलेलं भात, ऊस किंवा केळी आहे, त्याच्या कडेला मुक्काम करू नये आणि गावकरी ‘इथे नको’ म्हणाले, तर वाद न घालता उठावं. अशा वेळी एका मिनिटात मिटणारी कडक पेटी आणि पंधरा मिनिटं घेणारा घडीचा तंबू यांतला फरक कळतो.

विजेचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उठतात तेव्हा आमच्या माळावर विजा कडाडतात. गाडीचं धातूचं अंग वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे वाहून नेतं, म्हणून बंद गाडीत बसलेला माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. टपावरचा माणूस त्या धातूच्या कवचाबाहेर, उघड्या माळावरच्या सर्वांत उंच वस्तूवर असतो. गडगडाट ऐकू आला, की तंबू तसाच सोडून खाली उतरायचं आणि काचा लावून गाडीत बसायचं. मुलांनाही हे आधीच शिकवून ठेवावं.

थंडीत उबेसाठी शेगडी किंवा गॅस तंबूत नेण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. घोंगडी आणि जाड स्लीपिंग बॅग यांवरच भिस्त ठेवावी.

शिडीवर कोण चढणार

तंबू पाहायला बहुतेकदा घरातला एक उत्साही पुरुष जातो आणि झोपायला सगळं घर जातं. शिडी दोन मीटरच्या आसपास उंच असते, जवळपास उभी. गुडघेदुखीच्या आईला, साठी ओलांडलेल्या वडिलांना, रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला ती रोज चढता-उतरता येईल का? बायकांना कपडे बदलायला, रात्री लघवीला जायला आडोसा मिळेल का? घडीच्या तंबूखाली चेनने जोडायचा कापडी आडोसा मिळतो. त्यात खाली चार बाय पाच फुटांची बंद खोली होते आणि घरच्या बायकांसाठी ती टपावरच्या जागेपेक्षा महत्त्वाची ठरते. कडक पेटीवाल्यांनी ही सोय वेगळ्या छत्रीने किंवा पडद्याने करावी.

शिडीच्या पायऱ्या रुंद आणि खरखरीत असाव्यात, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या पक्क्या बसाव्यात. लहान मूल असेल, तर दाराकडे मोठ्या माणसाने झोपावं. गाडी सपाटीवर लावणं हाही झोपेचाच भाग: साधी पाणसळ टपावर ठेवून पाहावी, चाकाखाली सपाट दगड किंवा फळी घालावी आणि थोडा उतार राहिलाच, तर डोकं चढाकडे.

मुक्काम कुठे करायचा

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, गोव्यातलं म्हादई अभयारण्य, पुढे दांडेलीकडचा काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला राधानगरी: उचगावाभोवतीचं बहुतेक सुंदर जंगल संरक्षित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि रात्री थांबणं गुन्हा आहे. गाडीवर तंबू आहे म्हणून तो नियम सैल होत नाही. गोव्यात तर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायलाच २०१९ पासून बंदी आहे.

म्हणजे खरा मुक्काम मिळतो तो खासगी जमिनीत: एखाद्याच्या काजूच्या बागेत, भात कापून झालेल्या शेतात, देवळाच्या माळावर. सीमाभागात याला मोठा आधार माणसांचा आहे. चंदगडच्या खेड्यात किंवा कणकुंबीकडे कुणाच्या दारात जाऊन “काका, आज रात्री तुमच्या शेतात गाडी लावू का?” असं विचारलं, तर बहुधा चहा मिळतो आणि पुढे बोअरच्या पाण्याचीही सोय होते. सकाळी जागा होती त्याहून स्वच्छ करून निघावं, म्हणजे पुढच्या प्रवाशालाही तिथे जागा मिळते.

घरी परतल्यावर

वर्षातले ३० दिवस तंबू वापरला, तरी उरलेले ३३५ दिवस तो कुठे राहणार? सतत टपावर ठेवला, तर गाडीचं इंधन वाढतं, ऊन कापड खातं आणि बोल्ट ढिले होतात. खाली उतरवायला तीन धडधाकट माणसं लागतात. आमच्याकडे त्याला सोपा उपाय आहे: गोठ्याच्या किंवा पडवीच्या भक्कम तुळईला साखळी-कप्पी बांधायची, गाडी खाली लावायची, पट्टे अडकवून तंबू वर उचलायचा आणि गाडी काढून घ्यायची. तो तसाच अधांतरी ठेवला, की वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. उंदरांची काळजी मात्र वेगळी घ्यावी. भाताची पोती असलेल्या घरात उंदीर असतातच आणि गादीचा फोम त्यांना फार आवडतो.

ज्याच्याकडे तंबू उघडून सुकवायला अंगण, गच्ची किंवा खळं नाही, त्याने टपावरचा तंबू घेण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. उचगावच्या वाड्यात ही सोय आहे. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहून खाली सामाईक पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला ती नाही.

मग कुणी काय घ्यावं

हे सगळं जमेस धरून तीन ढोबळ वाटा दिसतात.

वर्षातून चार-पाच वेळा आंबोली-चोर्ल्याला जाणाऱ्या घराने टपावरचा तंबू घेऊच नये, असं मला वाटतं. जमिनीवरचा चांगला दोन-थरी तंबू आणि गाडीला लावायची पावसाळी छत्री एवढ्यात काम होतं. तो तंबू दोरीवर टाकून तासाभरात सुकतो, गाडी मोकळी राहते आणि पैसे फार कमी लागतात.

घाटमाथ्यावर महिन्यातून दोन-तीनदा जाणाऱ्या जोडप्याने किंवा दोन मित्रांनी शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या कडक पेटीचा विचार करावा: पॉलिस्टर कापड, हलकं अॅल्युमिनियम आणि वजन टपाच्या मर्यादेत. या रचनेत बहुतेक कापड झाकणाखालीच असतं, पावसात ते कमी भिजतं आणि प्रसंग आला तर लगेच मिटतं.

मुलाबाळांसह पंधरा-वीस दिवसांसाठी कच्छ, राजस्थान किंवा लडाखला जाणाऱ्या कुटुंबाने घडीचा, मिश्र कापडाचा मोठा तंबू घ्यावा, खालचा आडोसा जोडलेला. तिथे हवा कोरडी, तो रोज सुकतो. जागा आणि ऊब यांची गरज जास्त. मात्र त्यासाठी गाडीही तशीच दमदार हवी.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करावी. ओळखीच्या कुणाचा तंबू एका रात्रीसाठी मागून घ्यावा किंवा भाड्याने घ्यावा आणि लांब कुठे न जाता आपल्याच शेतात लावून झोपून पाहावं. शक्य असेल, तर मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर. पहाटे अंधारात, भिजत तो मिटावा आणि दुपारी अंगणात सुकायला उघडावा. त्या संध्याकाळी घरच्या सगळ्यांना विचारावं, “पुन्हा जायचं का?” सगळ्यांनी मनापासून हो म्हटलं, तरच दुकानाची पायरी चढावी.